तपासलेली वही

शाळा सुटल्यावर वर्ग रिकामा होतो. पण शिक्षकाचे काम तेवढ्यावर संपत नाही. टेबलावर वह्यांची चळत उभी असते. एका वहीला वर्तमानपत्राचे वेष्टन घातलेले, दुसरीचे कोपरे दुमडलेले, तिसरीवर तेलाचा डाग पडलेला, चौथीत धाकट्या भावंडाने ओढलेल्या रेघा. एकेक वही उघडायची, लाल शाईने बरोबर-चूक अशा खुणा करायच्या, शेवटी वर्तुळात गुणांचा आकडा लिहायचा आणि वही बाजूला ठेवायची. भारतातल्या कोणत्याही प्रांतात, कोणत्याही भाषेच्या शाळेत हे दृश्य दिसते. ते इतके सवयीचे झाले आहे, की वही कशासाठी तपासायची, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही.

प्रश्न साधा वाटतो आणि त्याचे उत्तरही तयार असते. कोणाला किती येते हे कळावे, म्हणून वही तपासायची. परंतु हे कळायचे कोणाला? मुलाला, पालकांना, मुख्याध्यापकांना, की स्वतः शिक्षकाला? आणि एकदा कळले की पुढे काय करायचे? वर्तुळातला आकडा या प्रश्नांविषयी मौन पाळतो. मूल जिथे थांबले ती जागा तो दाखवतो. ते तिथे का थांबले आणि पुढे कसे जाईल, हे त्याला सांगता येत नाही.

चौथीच्या एखाद्या वर्गाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. दोन खोल्यांची शाळा आहे. पावसाळा सरत आला आहे. बाईंनी फळ्यावर वजाबाकीची दहा उदाहरणे लिहून दिली, मुलांनी ती सोडवली आणि वह्या टेबलावर आणून ठेवल्या. संध्याकाळी बाई वह्या तपासायला बसल्या. मागच्या ओळीतल्या एका मुलाला दहापैकी चार गुण मिळाले. खिडकीसमोर बसणाऱ्या एका मुलीलाही दहापैकी चारच मिळाले. नोंदवहीत दोघांच्या नावांपुढे एकच आकडा पडला. आकड्याच्या हिशेबी ती दोन्ही मुले सारखी झाली.

बाईंना मात्र काहीतरी खटकले. त्यांनी मुलाची वही पुन्हा उघडली. ४०३ मधून १२८ वजा करायचे होते. मुलाने उत्तर लिहिले होते ३२५. खरे उत्तर २७५. दुसऱ्या उदाहरणात ५२ मधून २७ वजा करायचे होते. त्याचे उत्तर ३५. तिसऱ्यात ८१ मधून ४६. त्याचे उत्तर ४५. ही चुकीची उत्तरे एकाखाली एक ठेवून पाहिल्यावर त्यांच्यातली शिस्त दिसू लागली. मुलाने अंदाजपंचे काहीही लिहिले नव्हते. प्रत्येक स्थानावर त्याने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता, मग मोठा अंक वर असो वा खाली. तीनमधून आठ जात नाहीत, तर आठमधून तीन काढायचे. शून्यातून दोन जात नाहीत, तर दोनमधून शून्य काढायचे. ज्या चार उदाहरणांत वरचा प्रत्येक अंक खालच्या अंकाहून मोठा होता, ती चारही बरोबर आली होती. ‘नेहमी मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची’, असे कोणीतरी त्याला कधीतरी सांगितले असावे. संपूर्ण संख्येविषयीचा तो नियम त्याने एकेका अंकाला लावला आणि अत्यंत प्रामाणिकपणे पाळला. सहा ठिकाणी त्याच्या पदरी फुली पडली ती या प्रामाणिकपणाची.

मुलीची वही निराळी होती. पहिली चार उदाहरणे तिने अचूक सोडवली होती. हातच्याची वजाबाकीही बिनचूक होती. पुढची पाने मात्र कोरी होती. जिला अवघड उदाहरणे येतात, तिने सोपी का सोडून दिली? दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला जवळ बोलावून विचारले. ती आधी मान खाली घालून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “बाई, फळ्यावर ऊन चमकतं. त्या बाजूचे आकडे मला दिसतच नाहीत.”

एकीला बसायची जागा बदलून हवी होती. दुसऱ्याला दशक म्हणजे काय, हे पुन्हा हाताळून पाहायचे होते. दहापैकी चार या आकड्याने हे दोन्ही झाकून टाकले होते. ताप दोघांना येतो, पण एकाला तो हिवतापाने आलेला असतो आणि दुसऱ्याला दुखऱ्या दातामुळे. तापमापी दोघांचाही पारा सारखाच दाखवते. वैद्य तेवढ्यावर औषध देत नाही. तो नाडी पाहतो, प्रश्न विचारतो. शिक्षकाने तरी केवळ पाऱ्यावर का थांबावे?

त्या दिवशी बाईंनी मुलाला शेजारी बसवले आणि म्हटले, “हे उदाहरण तू कसं केलंस, ते मला सांग बरं.”

मुलगा गप्प राहिला. ‘कसे केलेस’ असे शिक्षक विचारतात, तेव्हा उत्तर चुकलेले असते, हे तो अनुभवाने शिकला होता. बाईंच्या ते ध्यानात आले. त्यांनी त्याच्या बरोबर आलेल्या उदाहरणावर बोट ठेवले आणि तोच प्रश्न विचारला. आता तो बोलू लागला. बोलता बोलता तो चुकलेल्या उदाहरणापाशी आला आणि आपला नियम त्याने मोठ्या विश्वासाने सांगितला. बाईंनी त्याला मध्येच अडवले नाही, चूकही म्हटले नाही. त्यांनी कपाटातून काड्यांचा डबा काढला. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या.

“या किती?”

“बावन्न.”

“यातल्या सत्तावीस मला दे.”

त्याने दोन गठ्ठे उचलून बाईंच्या हातावर ठेवले. मग सात सुट्या काड्या द्यायला हात पुढे केला, तर समोर दोनच होत्या. तो थबकला. वहीत असे थांबण्याची वेळ त्याच्यावर आली नव्हती, कारण तिथे सातमधून दोन काढता येत होते. इथे मात्र द्यायच्या काड्या सात होत्या आणि जवळ दोनच होत्या. बाई काही बोलल्या नाहीत. बराच वेळ गेला. मग त्याची बोटे एका गठ्ठ्याच्या रबराकडे गेली आणि त्याने वर पाहून विचारले, “सोडू का, बाई?”

हातच्याची वजाबाकी या दोन शब्दांत होती. त्याने गठ्ठा सोडला. बारा सुट्या काड्यांतल्या सात दिल्या. पुढ्यात दोन गठ्ठे आणि पाच काड्या उरल्या. त्याने त्या मोजल्या, वहीतल्या ३५ कडे पाहिले आणि कोणी न सांगता तो आकडा खोडून २५ लिहिले. त्या दिवशी बाईंनी त्याचे मूल्यमापन केले होते. पण त्याला कुठेही परीक्षेला बसवले नव्हते.

मूल्यमापनाच्या या दोन रूपांतला भेद शिक्षणशास्त्राला फार उशिरा शब्दांत पकडता आला. मायकेल स्क्रिव्हेन या अभ्यासकाने १९६७ मध्ये त्यांना दोन स्वतंत्र नावे दिली. एखादी गोष्ट घडत असताना ती अधिक चांगली घडावी म्हणून केलेले मूल्यमापन वेगळे आणि घडून गेल्यावर तिची पारख करणारे मूल्यमापन वेगळे. महाराष्ट्रातील शिक्षक पहिल्याला ‘आकारिक मूल्यमापन’ आणि दुसऱ्याला ‘संकलित मूल्यमापन’ म्हणतात. नावे जड आहेत, परंतु त्यांतला अर्थ शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कोणालाही कळेल असा आहे. सुगीनंतर खळ्यावर धान्याचे माप होते. किती पोती झाली ते कळते, हिशेब लागतो. हे माप आवश्यकच आहे. तथापि, पीक शेतात उभे असताना शेतकरी रोज बांधावरून फेरी मारतो. कुठे पान पिवळे पडले, कुठे कीड लागली, कोणत्या सरीला पाणी पोचले नाही, हे तो पाहतो आणि लगेच हात चालवतो. खळ्यावरच्या मापाने गेल्या मोसमाचा हिशेब कळतो. पीक वाढते ते बांधावरच्या फेरीने. शेतात एकदाही न फिरता केवळ खळ्यावर माप घेऊन उभ्या राहणाऱ्याला कोणी शेतकरी म्हणणार नाही. शाळेत मात्र दीर्घकाळ असेच चालत आले.

याचे एक कारण इतिहासात आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात अनेक शाळांना मिळणारे सरकारी अनुदान मुलांच्या परीक्षेच्या निकालावर अवलंबून असे. तपासनीस येत, मुलांची परीक्षा घेत आणि किती मुले उतरली त्यावर शाळेच्या पदरात किती पैसे पडतील हे ठरे. अशा व्यवस्थेत मुलाने समजून घेण्यापेक्षा त्याने त्या दिवशी न अडखळता उत्तर म्हणणे महत्त्वाचे ठरले, यात नवल नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत मागे पडली. अनुदानाचा नियम गेला. परंतु परीक्षा म्हणजे वरून आलेल्या कोणीतरी घेतलेली झडती, ही भावना गेली नाही. मुलाच्या मनात ती अजून आहे आणि कित्येकदा शिक्षकाच्या मनातही आहे.

वर्गातल्या दैनंदिन मूल्यमापनाने शिकणे खरोखर सुधारते का, असा प्रश्न विचारणे रास्तच आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या दोन अभ्यासकांनी या विषयावरील सुमारे २५० अभ्यास एकत्र तपासून १९९८ मध्ये आपला निष्कर्ष मांडला. शिक्षकाला मूल्यमापनातून जे कळते त्यानुसार तो आपले शिकवणे बदलतो, तेव्हा मुलांची प्रगती स्पष्टपणे वाढते. आणि जी मुले मागे पडलेली असतात त्यांना त्याचा विशेष लाभ होतो, असे त्यांना आढळले. येथे ‘बदलतो’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. चाचणी घेतली, गुण भरले आणि दुसऱ्या दिवशी ठरलेला पुढचा पाठ घेतला, तर त्या चाचणीचा शिकण्याला काहीही उपयोग झाला नाही.

यासाठी प्रत्येक वेळी चाचणीच घ्यावी लागते असे नाही. वर्गात विचारलेला एक प्रश्नही पुरतो, मात्र तो विचारून थांबता आले पाहिजे. अमेरिकेतील मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात, असे तिला दिसले. एका सेकंदात पाठ केलेले उत्तर आठवता येते, विचार करता येत नाही. शिक्षक तीन सेकंद किंवा त्याहून अधिक थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, आपणहून बोलणाऱ्या मुलांची संख्या वाढली आणि ‘येत नाही’ म्हणणारी मुले कमी झाली. तीन सेकंद म्हणजे एक दीर्घ श्वास. काड्यांपुढे थबकलेल्या त्या मुलाला बाईंनी दिलेले मौन याहून कितीतरी मोठे होते.

गुणांविषयीचे एक निरीक्षण तर शिक्षकांना बुचकळ्यात पाडणारे आहे. इस्राएलमधील रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना त्यांच्या कामावर फक्त गुण देण्यात आले, काहींना फक्त अभिप्राय, तर काहींना गुण आणि अभिप्राय दोन्ही. फक्त अभिप्राय मिळालेल्या मुलांचे पुढचे काम सुधारले. दोन्ही मिळालेल्या मुलांना अधिक लाभ व्हायला हवा होता. परंतु तो झाला नाही. त्यांची स्थिती फक्त गुण मिळालेल्या मुलांसारखीच राहिली. कारण तर्काने समजण्यासारखे आहे. वही हातात येताच डोळे वर्तुळातल्या आकड्याकडे जातात, तेथून शेजाऱ्याच्या वहीकडे वळतात आणि मग वही मिटते. आकड्याखाली लिहिलेली ओळ तशीच न वाचलेली राहते.

बाईंनी रोजच्या वहीत गुण लिहिणे सोडले होते ते याच अनुभवाने. मुलाच्या वहीत त्या दिवशी एवढीच ओळ होती : ‘गठ्ठा कधी सोडायचा ते तुला कळले आहे. आता तिसरे, पाचवे आणि आठवे उदाहरण पुन्हा कर व कुठे गठ्ठा सोडलास तिथे खूण कर.’ अभिप्राय कसा असावा हे या ओळीवरून समजते. ‘छान’, ‘लक्ष द्यावे’, ‘अक्षर सुधारावे’ अशा शेऱ्यांनी मुलाला पुढचे पाऊल कोठे टाकायचे ते कळत नाही. काय जमले, काय राहिले आणि आता नेमके काय करायचे, या तीन गोष्टी ज्या शेऱ्यात आहेत तोच शेरा उपयोगी पडतो.

हे सारे कायद्यालाही ठाऊक आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्यात सर्वंकष आणि सातत्यपूर्ण मूल्यमापनाचा उल्लेख आहे. महाराष्ट्राने त्याच वर्षी आपली योजना आखली. तिच्यात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने सांगितली. मुलांनी स्वतःचे आणि एकमेकांचे मूल्यमापन करण्यालाही जागा दिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शिकण्याला साहाय्य करणाऱ्या मूल्यमापनावर भर दिला आहे. कागदावर काही उणे नाही. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी मूल्यमापनाचे रूपांतर नोंदींच्या ओझ्यात झाले. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाची प्रत्येक विषयातली नोंद लिहिता लिहिता शिक्षकाला मुलाकडे पाहायला वेळ उरला नाही. वर्णनात्मक नोंदींची तयार वाक्ये बाजारात छापून मिळू लागली. ‘परिसरातील घटकांची माहिती सांगतो’ हे वाक्य सबंध वर्गाच्या नावांपुढे ओळीने उतरले. नोंद झाली, निरीक्षण राहून गेले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववी-दहावीसाठी २००९ मध्ये आणलेली अशीच योजना २०१७ मध्ये मागे घेतली.

याच काळात मुलांना नापास करावे की करू नये, यावर देशभर वाद झाला. २०१० मध्ये लागू झालेल्या कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत तसे करण्याची मुभा सरकारांना दिली. दोन्ही बाजूंचे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे. परंतु ४०३ मधून १२८ वजा करताना चुकणाऱ्या मुलाला न विचारता पुढच्या वर्गात ढकलले, तरी त्याची चूक त्याच्याबरोबर वर जाते. आणि त्याला न विचारता त्याच वर्गात ठेवले, तरी ती चूक त्याच्याबरोबर मागे राहते. दोन्हीकडे गठ्ठा बांधलेलाच राहतो. कोणीतरी त्याच्याजवळ बसून ‘हे तू कसे केलेस’ असे विचारणे, याला दुसरा पर्याय नाही.

हे न विचारल्याने काय होते, ते त्या मुलाच्या आईकडे पाहिल्यावर कळते. वहीत गुण का नाहीत, हे विचारायला ती एक दिवस शाळेत आली. “बाई, पोराच्या वहीत तुम्ही आकडाच घालत नाही. तो हुशार आहे का ढ, हे आम्हाला कळायचं कसं?”

बाईंनी तिला बसायला सांगितले आणि मुलाच्या वहीतली जुनी आणि नवी उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली. “ताई, तो ढ नाही. त्याचा एक नियम चुकीच्या जागी लागत होता. आता बघा, गठ्ठा सोडला तिथे तो खूण करतो.”

आईने त्या खुणा बोटाने मोजल्या. मग ती जराशाने म्हणाली, “माझ्या वहीत नुसते भोपळे असायचे. सातवीत गणितात गेले. वडील म्हणाले, डोक्यात नाही तर कशाला वेळ घालवतेस? तेव्हापासून मीही तेच म्हणत आले.” एवढे बोलून तिने पिशवीतून दुसरी एक वही काढली. ती तिची स्वतःची होती. लग्नानंतर बारा वर्षांनी तिने मुक्त विद्यालयात नाव घातले होते. घरकाम आटोपल्यावर ती अभ्यास करी. एका स्वाध्यायात अपूर्णांकांपाशी तिचे घोडे अडले होते. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, या बेरजेचे उत्तर तिने दोन पंचमांश काढले होते. वरच्या अंकांची बेरीज वर, खालच्या अंकांची बेरीज खाली.

बाईंनी चूक म्हटले नाही. त्यांनी विचारले, “ताई, अर्धी भाकरी ताटात आहे. तिच्यात आणखी एका भाकरीचा तिसरा हिस्सा घातला. आता ताटात अर्ध्या भाकरीपेक्षा जास्त झाली, की कमी?”

“जास्तच होणार की.”

“आणि पाच जणांत दोन भाकरी वाटल्या, तर एकेकाच्या वाट्याला दोन पंचमांश येते. ती अर्धी होते का?”

तिने मनाशी हिशेब केला. पाच जणांना अर्धी-अर्धी द्यायची तर अडीच भाकरी लागतील. दोन भाकरींत प्रत्येकाला अर्धीही मिळणार नाही. ती एकदम हसली. “म्हणजे अर्धीत आणखी घातली आणि अर्धीपेक्षाही कमी झाली! असं कुठं असतंय?”

मग दोघींनी एका कागदावर भाकरी काढली, तिचे सारखे सहा भाग केले. अर्धीचे तीन भाग, तिसऱ्या हिश्शाचे दोन भाग. मिळून सहापैकी पाच. त्या बाईमाणसाने इतक्या वर्षांत हजारो भाकरी मोडून वाटल्या होत्या. अपूर्णांकांचे व्यवहारज्ञान तिच्या हातात होते. शाळेतल्या लाल फुलीने ते कधी बाहेर आणले नाही. एक चूक समजून न घेता नुसती मोजली गेली आणि तिच्यापायी एका मुलीचे शिक्षण थांबले. तिच्या डोक्यात गणित नाही, हा निर्णय चार-दोन भोपळ्यांच्या आधारे दिला गेला आणि तिने तो वर्षानुवर्षे खरा मानला. शाळा सुटलेल्या कितीतरी माणसांच्या मनात असाच एखादा निर्णय घर करून बसलेला असतो.

घरी राहून शिकणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याच्या जवळ रोज अशा बाई नसतात. त्याच्यासमोर पुस्तक असते, पाठाच्या मधूनमधून प्रश्न असतात आणि शिक्षकांनी तपासून परत पाठवलेला स्वाध्याय असतो. अनेकजण स्वाध्याय हाती आल्यावर फक्त गुण पाहतात. पाठातले प्रश्न आले, की उत्तरसूची उघडून उत्तर वाचतात आणि ते आपल्याला येत होते असे समाधान मानून पुढे जातात. खरे पाहता हे प्रश्न त्याच्यासाठी बांधावरची फेरी आहेत. उत्तर झाकून ठेवून आधी स्वतः लिहावे. चुकले तर लगेच खोडू नये. शेजारी लिहावे की, येथे मनात कोणता विचार होता आणि तो कोठे वाट चुकला. आठवड्याने तोच प्रश्न पुन्हा सोडवून पाहावा. स्वाध्यायावरचा शेरा वाचून त्यात सुचवलेली एक गोष्ट तरी पुढच्या स्वाध्यायात करावी. शिक्षक आणि विद्यार्थी, या दोन्ही भूमिका ज्याला एकट्याने वठवाव्या लागतात, त्याने स्वतःच्या चुकीशी निदान एखाद्या चांगल्या शिक्षकासारखे वागावे. तिला हाकलून देण्याआधी ती कुठून आली, हे तिला विचारावे.

वर्षाखेरची परीक्षा राहणारच. खळ्यावर माप घ्यावेच लागते आणि प्रमाणपत्रावर आकडा लागतोच. त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती वर्षभर बांधावर न फिरण्याविषयी. विद्यार्थ्याने चुकीचे उत्तर लिहिले, तेव्हा त्याने आपल्या मनातला एक विचार शिक्षकाच्या हाती विश्वासाने सोपवलेला असतो. तो विचार वाचून त्याला पुढची वाट दाखवणारा शिक्षक वही खऱ्या अर्थाने तपासतो.

त्या संध्याकाळी आई आणि मुलगा एकाच दिव्याखाली अभ्यासाला बसले. मुलाच्या पुढ्यात काड्या होत्या, आईच्या पुढ्यात भाकरीचे चित्र. तिचे एक उदाहरण पुन्हा चुकले. मुलाने तिच्या वहीत डोकावून पाहिले. हसला नाही. बाईंच्या सुरात त्याने विचारले, “आई, हे तू कसं केलंस, सांग बरं.”